पलंगाखालचा पोपटी टब

नाक दाबलंत तरी चालेल, ऐकत तेवढे राहा. मी एक टब आहे. प्लास्टिकचा, पोपटी, दोन्ही बाजूंना धरायला कान असलेला. माझा आवाज जरा चढा लागेल, कारण मी चिडलेला आहे. इतके महिने मी तोंड उघडून पडून होतो, पण त्या तोंडात सगळ्यांनी फक्त टाकलं. बोल म्हणून कुणी म्हणालं नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. एका गरम यंत्राने मला साच्यात दाबलं, गार पाण्याने दचकवलं आणि बाहेर ढकललं. आम्ही तिघं भाऊ, एकात एक बसवलेले. थोरला, मी मधला आणि धाकटा. दुकानात आम्हाला दोरीने टांगून ठेवलं होतं आणि दुकानदार येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "भाजी धुवा, कपडे भिजवा, बाळाला आंघोळ घाला. मरेपर्यंत तुटणार नाही." कुणाच्या मरेपर्यंत, ते त्याने कधी सांगितलं नाही.

एका आत्याबाईंनी आम्हाला घेतलं आणि चकचकीत कागदात बांधून भाच्याला लग्नाची भेट दिली. नव्या सुनेने कागद सोडवला, आम्हा तिघांकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या, किती उपयोगी!" ही मुलगी मोजकं बोलते. त्या बोलण्यात साखर किती आणि मीठ किती, हे ओळखायला मला बराच वेळ लागला.

घर पहिल्या मजल्यावरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आई, म्हणजे सुनेच्या सासूबाई, घरीच लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. चेन बसवणं, कंबर सैल करणं, पँटची उंची कमी करणं. गिऱ्हाइकाच्या कंबरेकडे नुसतं बघून म्हणायची, "गेल्या खेपेपेक्षा सुखी दिसताय." बाबा निवृत्त झालेले. एका कारखान्याचं स्टोअर त्यांनी उभा जन्म सांभाळलं. मागणी आल्याशिवाय एक बोल्ट बाहेर सोडला नाही, याचा त्यांना फार अभिमान. घरातही तोच कारभार. जुन्या साबणाची चिपटी दाखवली की नवी वडी मिळायची. सुनेला पहिल्या आठवड्यात वाटलं, सासरे गंमत करतायत. चिपटी घेऊनच उभं राहायचं, हे तिला नवऱ्याने शिकवलं.

मी स्वयंपाकघरात सुखात होतो. माझ्या वाट्याला पालेभाजी आली होती. मग आईच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर केमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले होते, "सगळे डोस पूर्ण करा, आशा चांगली आहे." सगळे, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला होता.

पहिल्या डोसनंतर दुपारी आतून आवाज आला. सुनेने माझ्यातला पाला सिंकमध्ये उपडा केला आणि मला घेऊन धावली. त्या दुपारपासून माझं स्वयंपाकघर सुटलं. माझी जागा आईच्या पलंगाखाली, उशाशी.

मला उलटीची घाण वाटत नाही. सांगून ठेवतो, कारण तुम्ही तोंड वाकडं केलेलं मला दिसतंय. मला चीड येते ती माणसांची.

पहिली चीड बाबांची. दवाखान्यातून मळमळीच्या गोळ्या मिळाल्या होत्या, दोन प्रकारच्या. बाबांनी घरी आल्याबरोबर दोन्ही एका डब्यात भरल्या, डबा कपाटात ठेवला, आणि कपाटाची किल्ली खिशात. मग रोज हे असं चालायचं.

"अहो, मळमळतंय."

"नुसतं मळमळतंय, की होईलसं वाटतंय?"

"मळमळतंय."

"मग थांब जरा. आधीच शरीरात काय थोडं ओतलंय का? खरी गरज लागली की देतो ना."

आई थांबायची. ओठ आत घेऊन, डोळे मिटून, पलंगाची कड धरून थांबायची. तोंडाला पाणी सुटायचं, ते गिळायची. कपाळावर घाम यायचा. मी खाली आ वासून तयार. मग व्हायचं ते व्हायचं, आणि बाबांची एकदम धावपळ सुरू व्हायची. खिसा चाचपायचा, किल्ली लावायची, डबा उघडायचा. "घे, घे, आता घे." गोळी आणि वर पेलाभर पाणी. थोड्याच वेळात ते पाणी माझ्यात यायचं, आणि पाण्याबरोबर गोळी. अख्खी. मधोमध रेघ असलेली, पांढरीशुभ्र, पाकिटातून निघाली तशी.

खरी गरज लागल्याची खात्री पटल्यावर माल सोडायचा. कारखान्यात हे बरोबर असेल. तिथे बोल्ट परत बाहेर फेकला जात नाही.

ती गोळी मी बघितली आणि मला हातमोजे घालून धुणाऱ्या सुनेने बघितली. ती थबकली. मला वाटलं, आता बोलेल. ती बोललीही.

"बाबा, गोळी आधीच दिली तर?"

"हे बघ, डॉक्टरांनी मला नीट सांगितलंय. तू नवीन आहेस, तुला घरातलं अजून कळायचंय."

संपलं. नळ सोडला, मला खंगाळलं आणि परत पलंगाखाली. तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबांशी बोलतो मी." आणि कानात मोबाईलची बोंडं घालून बसला. आईचा आवाज ऐकवत नाही म्हणून घालतो, असं तो म्हणायचा. ऐकवत नाही! अरे, तिला तो काढवत होता का?

दुसरी चीड आत्याबाईंची. त्याच, ज्यांनी मला आणलं. त्या बघायला यायच्या आणि बघण्यापेक्षा बोलायच्या जास्त.

"वहिनी, उलट्या होतायत ना? होऊ दे. सगळं विष बाहेर पडतंय. जितकी उलटी जास्त, तितकं औषध लागू!"

हे कुणी शोधून काढलं, माहीत नाही. पण सगळ्या घराला ते पटलं. त्यानंतर मी भरलो की बाबांचा चेहरा उजळायचा. कमी भरलो की ते काळजीत. मी उलटीचा टब, पण माझं मापटं झालं.

आत्याबाई आल्या की स्वयंपाकघरात शिरायच्या. कांदा परतायच्या. तो वास भिंतीला घासत घासत पलंगापर्यंत यायचा आणि आईच्या नाकातून सरळ पोटात उतरायचा. मागून आत्याबाई, हातात वाफाळती ताटली.

"चार घास तरी खा हो. ताकद कुठून येणार?"

"नंतर खाते."

"नंतर नंतर करूनच ही दशा झालीय. आमच्या दादाकडे बघून तरी खा."

आई त्यांच्या दादाकडे, म्हणजे बाबांकडे, बघायची आणि खायची. मग दारावर कुणी आलं, की आत्याबाई मला पायाने पलंगाखाली लांब सरकवायच्या. चपलेने. पाहुण्यांना वास नको, टब दिसायला नको. पाहुणे खुर्चीत बसून म्हणायचे, "वा, किती खंबीर आहात!" आणि आई हसायची. मला खालून तिचे पाय दिसायचे. पायाची बोटं आवळलेली असायची, पांढरी पडेपर्यंत. पाहुणे जाईपर्यंत ती आत दाबून धरायची, कारण मी हाताला लागेन अशा जागी नव्हतो. खंबीर! हा शब्द माझ्यात ओतला असता कुणी, तर मी आनंदाने घेतला असता.

आणि एक दिवस सुनेलाही झळ लागली. थंडी होती. तिने माहेरून आणलेला स्वेटर घातला आणि आईला पाणी द्यायला आली. आईने तिच्याकडे एकदा बघितलं, तोंडावर हात दाबला आणि भिंतीकडे वळली. पेला तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्याबाई दारातच होत्या.

"बघ रे दादा," त्या बाबांना म्हणाल्या, आवाज कमी केल्याचं नाटक करून, "आजारात माणसाच्या मनातलं बाहेर येतं. तोंडसुद्धा बघवत नाही सुनेचं."

सुनेने ऐकलं. आणि मला त्या दिवशी इतकं घासलं, की माझ्या कडेवर अजून चरे आहेत.

मग आईने जाहीर केलं. संध्याकाळी सगळे घरी असताना, अगदी साध्या आवाजात. चेन उद्या मिळेल म्हणावं तशी म्हणाली, "पुढचा डोस मी घेणार नाही."

घर उसळलं. मुलगा म्हणाला, "आई, तू फायटर आहेस." बाबा म्हणाले, "अगं, अर्ध्यावर सोडायचं? निम्मं झालंय." आत्याबाई फोनवरून म्हणाल्या, "मन घट्ट करा." आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला काय जातंय सांगायला," आणि चादर तोंडावर घेतली. बाबा स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांनी उगाच नळ सोडून ठेवला. पाणी वाया जातंय, हे त्या दिवशी त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून एकटी खोलीत आली. स्वेटर घालूनच. दारातच थांबली.

"आई, एक विचारू? माझं काही चुकलंय का?"

आईने डोळे मिटले. "तू तो स्वेटर काढ आधी. मग सांगते."

सुनेने काढला, बाहेर ठेवून आली. आईने डोळे उघडले आणि तिला चक्क शेजारी बसवून घेतलं.

"तुझ्यावर कशाला रागावू? तो रंग बघवत नाही गं. त्या टबाचा रंग आहे तो. नुसता दिसला की पोटातून येतं. परवा खिडकीतून कुणाचीतरी छत्री दिसली पोपटी, तर तिथेच. हॉस्पिटलची इमारत दिसली की टॅक्सीतच सुरू होतं, सुईच्या आधी. मला वाटलं, मला वेडबीड लागतंय. कुणाला सांगू?"

"मला सांगायचं."

"तू तर धुतेस सगळं. तुला आणखी काय सांगायचं? मरणाची भीती नाही वाटत. उद्याच्या सकाळची वाटते. सकाळ झाली की ते परत सुरू."

मी पलंगाखाली होतो. ऐकलं आणि गार पडलो. इतके दिवस मी बाबांवर, आत्याबाईंवर, कानात बोंडं घालणाऱ्या मुलावर चिडत होतो, आणि मी स्वतः तिच्या उशाशी काय होतो? तिला बघवत नव्हतो. तिला हवा होतो तेव्हा लांब, आणि नको होतो तेव्हा डोळ्यांसमोर. हा रंग मी मागून घेतला नव्हता. तरी वाटायचं ते वाटलंच.

डॉक्टरांकडे जायचं ठरलं, आईला समजावण्यासाठी. टॅक्सीसाठी मला एका काळ्या पिशवीत घातलं; तिच्या एका भोकातून मला बाहेरचं दिसत होतं. आई, बाबा, मुलगा आणि सून. सुनेला बाबा म्हणाले होते, "तू घरी थांब, तिथे गर्दी नको." ती चपला घालून आधीच दारात उभी होती.

डॉक्टर कामात बुडालेले. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "उलट्या?"

बाबा म्हणाले, "होतात थोड्या. पण खंबीर आहे ती."

"जेवण?"

"करतो आम्ही आग्रह."

डॉक्टरांची बोटं चालू. पिशवीत मी उकळत होतो. थोड्या! मला विचारा ना थोड्या म्हणजे किती!

आई म्हणाली, "मला पुढचा डोस नको."

आता डॉक्टरांनी मान वर केली आणि समजावायला सुरुवात केली. आजार असा, टक्केवारी अशी, हिंमत ठेवायला हवी. तेवढ्यात सुनेचा आवाज आला. लहानच, पण मधे घुसणारा.

"मळमळीची गोळी उलटी झाल्यावर देतात. ती तशीच बाहेर येते. अख्खी. मी टब धुते, मला दिसते."

मुलाने बायकोकडे असं बघितलं, जणू खुर्ची बोलली.

डॉक्टर बाबांना म्हणाले, "उलटी झाल्यावर? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. मळमळलं तर द्या म्हणालात."

"ती दुसरी गोळी हो! पहिली ठरलेल्या वेळी, मळमळ असो नसो. ती आधीच पोटात हवी. मळमळ सुरू झाल्यावर उपयोग काय तिचा? तुम्ही काय रेशन वाटताय घरात?"

बाबांनी खिशात हात घातला आणि किल्ली मुठीत धरून बसले. मान खाली. ज्या माणसाच्या स्टोअरमध्ये एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही, त्याने दोन गोळ्या एकात मिसळल्या होत्या. मला इतका राग होता त्यांचा, तरी ती मान बघवेना.

आणि तेव्हा आई उठली. खरंच उठून उभी राहिली, टेबलाला धरून.

"त्यांना ओरडू नका. त्यांना तुम्ही कुठे सांगितलंत? मी आत कपडे बदलत होते तेव्हा, दारात, निघता निघता. मला सांगितलंत? मला एकदा तरी विचारलंत? पोट माझं, उलटी माझी, आणि उत्तरं यांची! हे थोड्या म्हणतात, तुम्ही थोड्या लिहिता. मी पाणी प्यायले तरी येतं. जिभेवर सारखं लोखंड ठेवल्यासारखं वाटतं. ही इमारत दिसली तरी येतं. आणि तुम्ही मला हिंमत शिकवता? माझी हिंमत संपली नाही. माझ्या पोटात काही राहत नाही!"

माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं हे सगळ्यात छान भाषण. आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, विष बाहेर पडतंय. आणि पहिल्यांदाच ते खरं असतं.

डॉक्टरांनी खुर्ची फिरवली, पडद्याकडे पाठ केली. म्हणाले, "चुकलं माझं. बसा. आता तुम्हीच सांगा."

आईने सांगितलं. सकाळचं, वासाचं, टॅक्सीचं. डॉक्टर मधे न बोलता ऐकत राहिले. केमोच्या आधी वेगळं इंजेक्शन द्यायचं ठरलं. गोळ्या वेळेवर, आणि एक गोळी जिभेवर विरघळणारी, पाणी न लागणारी. घरून निघायच्या आधी घ्यायची आणखी एक, त्या इमारतीच्या भीतीसाठी. वाफाळतं काही नको, निवलेलं, थोडं थोडं, तिला हवं तेव्हा. आणि दिवसभर पोटात काही राहिलं नाही तर त्याच दिवशी फोन.

"हे तुम्हाला वेडबीड काही नाही," ते म्हणाले. "पोट आठवणीत ठेवतं. घरात असं काही आहे का, जे बघितलं की लगेच येतं?"

आईने पिशवीकडे बोट केलं. बघितलं मात्र नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नात कागद सोडवला होता, तेव्हासुद्धा माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा मला घेऊन खाली कचऱ्याच्या पिंपांपाशी आले. टाकायला म्हणून हात पुढे केला, आणि थांबले. मला उलटं करून बघितलं. कुठे तडा नाही. मला माहीत होतं, आता म्हणतील, माळ्यावर ठेवू, लागेल कधीतरी. म्हणालेच. वर खिडकीतून आई ओरडली, "लागणार नाही!"

मी पिंपाशेजारी टेकवला गेलो. अजून तिथेच आहे, भिंतीला रेलून. आत अवकाळी पावसाचं थोडं पाणी आहे. एक मांजर येऊन पिऊन जातं. त्याला रंगाचं काही वाटत नाही.

आज सकाळी ते पुढच्या डोसला निघाले. आई जिना उतरून आली, सुनेचा हात धरून. सुनेच्या अंगात राखाडी स्वेटर. माझ्या लक्षात आलं, टॅक्सीकडे जाणारी वाट माझ्यासमोरूनच जाते. मला पहिल्यांदा वाटलं, तडा जावा, वारा यावा, मी उडून जावं. बाबा पुढे झाले. माझ्यासमोर आले आणि पाठ माझ्याकडे करून उभे राहिले, कोटाची दोन्ही टोकं दोन्ही हातांनी पसरून, मोठ्या पक्ष्यासारखे. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

"काय करताय हो?" आईने विचारलं.

"काही नाही. वारा खातोय. तू चल, गाडीत बस."

ती बसली. दार लागलं. टॅक्सी गेली.

माझा राग निवलाय का, विचाराल तर नाही. आत्याबाई उद्या येतीलच, कांदा घेऊन. दुसऱ्या कुठल्यातरी पलंगाखाली दुसरा टब असेल, आणि वर कुणीतरी खंबीर आहे म्हणत असेल. तुमच्या घरी असेल तर एवढं करा. आजारी माणसाला विचारायचं ते त्यालाच विचारा, आणि तो बोलताना तुम्ही उत्तर देऊ नका. सल्ल्याबद्दल मला काही द्यायची गरज नाही. मी टब आहे, मी निघालो.

संध्याकाळ झालीय, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर आलीय. पण ती मला उचलायच्या आत टॅक्सी परत आली, आणि वर खिडकीत दिवा लागला. बाबांचा आवाज ऐकू येतोय.

"गोळी घे."

"अहो, पण मला आत्ता मळमळत नाहीये."

"म्हणूनच देतोय. घे."